शब्दाची चाड : नामदार श्रीनिवास शास्त्री

नामदार गोपाळ कृष्ण गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात निवर्तले, तेव्हा त्यांनी दहा वर्षांपूर्वी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजापुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. घराचा कर्ता पुरुष गेला होता. आता ते घर कोणी चालवायचे? फर्ग्युसन महाविद्यालयामागच्या टेकडीवर १२ जून १९०५ रोजी गोखल्यांबरोबर ज्यांनी सेवेची शपथ घेतली, ते नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन हे तिघे ज्येष्ठ सभासद हयात होते. तरीही अध्यक्षपद सोपविण्यात आले ते दोन वर्षे उशिरा दाखल झालेल्या, मराठी मातृभाषा नसलेल्या, कावेरीकाठच्या एका खेड्यात जन्मलेल्या गृहस्थाकडे. राजकारणात येण्यापूर्वी तो मद्रासमधील एका शाळेचा मुख्याध्यापक होता. त्याचे नाव वलंगैमान शंकरनारायण श्रीनिवास शास्त्री.

आज हे नाव महाराष्ट्रात फारसे कोणाच्या ओठांवर नाही. गोखल्यांचे गुरू न्यायमूर्ती रानडे आणि गोखल्यांना गुरुस्थानी मानणारे महात्मा गांधी यांची नावे आपण एका दमात घेतो. पण गोखल्यांनी आपल्या हातांनी घडविलेला आणि त्यांच्या मागे त्यांच्या आसनावर बसलेला हा शिष्य आपल्या स्मरणातून निसटला आहे. शाळेच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने एका शिक्षकाचे चरित्र आठवायचे, तर शास्त्रींइतके समर्पक चरित्र विरळा. शब्द हेच त्यांचे एकमेव भांडवल होते. त्या भांडवलावर ते जगभर फिरले, सन्मान पावले, पराभूतही झाले आणि अखेरीस मागे ठेवून गेले ती एक शाळा.

कुंभकोणम हे गाव मराठी माणसाला परके नाही. व्यंकोजीराजांनी तंजावरला स्थापिलेली भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत त्या मुलखात होती आणि तिच्या आश्रयाने आलेली अनेक मराठी कुटुंबे कावेरीच्या काठी रुजली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. देवळांचे, तळ्यांचे, बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम् पर्वाचे हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्येचेही मोठे केंद्र बनले. १८५४ मध्ये तेथे सुरू झालेल्या सरकारी विद्यालयाचे पुढे महाविद्यालय झाले आणि प्राचार्य पोर्टर व प्राध्यापक गोपाळराव यांच्या परिश्रमांनी त्याचा इतका लौकिक झाला की लोक कुंभकोणमला दक्षिणेचे केंब्रिज म्हणू लागले. गणिती रामानुजन याच गावातल्या शाळेत शिकले. अशा या गावापासून जवळच असलेल्या वलंगैमान येथे २२ सप्टेंबर १८६९ रोजी श्रीनिवास शास्त्रींचा जन्म झाला.

वडील वैदिक ब्राह्मण होते. घरात विद्या होती, पण पैसा नव्हता. भिक्षुकीच्या अनिश्चित मिळकतीवर चालणाऱ्या त्या घरात मुलाला इंग्रजी शिक्षण देणे ही सोपी गोष्ट नव्हती. कुंभकोणमच्या नेटिव्ह हायस्कुलात शास्त्रींचे शालेय शिक्षण झाले आणि विशी गाठण्यापूर्वीच त्यांनी पदवी मिळविली. इंग्रजी आणि संस्कृत हे त्यांचे विशेष विषय होते. पुढे ज्यांच्या इंग्रजीने खुद्द इंग्रजांना चकित केले, त्यांच्या घरी इंग्रजीचा एक शब्दही बोलला जात नसे, हे येथे लक्षात घ्यावे. त्यांच्या कानावर पहिले संस्कार झाले ते तमिळ बोलीचे आणि वेदपठणाचे. स्वर चुकला तर अर्थ चुकतो, ऱ्हस्वाचे दीर्घ झाले तर मंत्राचे सामर्थ्य जाते, ही वैदिक घरातली शिस्त. तीच शिस्त त्यांनी परक्या भाषेला लावली. शब्दाचा उच्चार, त्याचे वजन आणि त्याची नेमकी जागा यांविषयीचा त्यांचा काटेकोरपणा शेवटपर्यंत टिकला. मातृभाषेत ज्याचा पाया पक्का झाला, त्याला दुसरी भाषा दूर राहत नाही, याचे एवढे ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. उतारवयात जीवनातील आठवणी लिहायला बसले, तेव्हा शास्त्रींनी त्या तमिळमध्ये लिहिल्या.

पदवी मिळाल्यावर या हुशार तरुणाला वकिलीची किंवा सरकारी नोकरीची वाट मोकळी होती. त्या काळी मद्रास इलाख्यातील बुद्धिमान मुले याच दोन दरवाजांतून पुढे जात. शास्त्री शिक्षक झाले. सेलमच्या नगरपालिकेच्या महाविद्यालयात त्यांनी काही वर्षे शिकविले आणि शतक सरता सरता ते मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातील हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. पार्थसारथीच्या देवळाच्या आसपासची ही मध्यमवर्गीय वस्ती. कारकून, वकील, शिक्षक यांची मुले या शाळेत येत. शास्त्रींनी तिचा लौकिक वाढविला. शिक्षकांनी एकत्र येऊन आपल्या पेशाचा विचार करावा म्हणून स्थापन झालेल्या मद्रासच्या शिक्षकसंघाच्या कामात ते अग्रभागी होते. १९०४ मध्ये ट्रिप्लिकेनला नागरी सहकारी संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांतही ते होते. महिन्याच्या शेवटी वाण्याच्या उधारीने गांजलेल्या कुटुंबांना रास्त भावात धान्य मिळावे, ही त्यामागची साधी गरज. फळ्यावर खडूने लिहिणारा हा हात किराणा दुकानाच्या हिशेबवह्यांवरही फिरला. त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा हा आरंभ ध्यानी ठेवला पाहिजे, कारण पुढे राजेरजवाड्यांच्या पंक्तीत बसणारे शास्त्री मूळचे शाळेच्या गल्लीतले कार्यकर्ते होते.

१९०६ मध्ये त्यांची गोखल्यांशी भेट झाली. गोखले त्यांच्याहून अवघे तीन वर्षांनी मोठे. दोघांचा पिंड एकच होता. गोखलेही मुळात शिक्षक. न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन महाविद्यालय यांत त्यांनी उमेदीची वर्षे घालविली होती आणि त्यांच्या अंकगणिताच्या पुस्तकावर मुलांच्या पिढ्या शिकल्या. सार्वजनिक कार्य हे फावल्या वेळचे काम नसून त्यासाठी संन्याशासारखी दीक्षा घेतलेली माणसे हवीत, हा भारत सेवक समाजामागचा विचार शास्त्रींना पटला. १९०७ मध्ये त्यांनी समाजात प्रवेश केला.

या प्रवेशाचा अर्थ काय होता, हे समाजाची नियमावली पाहिल्यावर कळते. सभासदाला सात शपथा घ्याव्या लागत. देशाचे हित सदैव प्रथम मानावे, सर्व भारतीयांना जातिधर्माचा भेद न करता बंधू समजावे, स्वतःसाठी पैसा मिळविण्यात शक्ती खर्च करू नये, वैयक्तिक आयुष्य शुद्ध ठेवावे आणि कोणाशीही वैयक्तिक भांडण करू नये, असा त्यांचा आशय होता. निर्वाहापुरते वेतन समाजाकडून मिळे. नव्या सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी होती. त्यात पुण्याच्या आश्रमवजा निवासात अभ्यास आणि देशभर प्रवास या दोन्हींचा अंतर्भाव होता. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, संसारी असलेला, एका शाळेचा मान्यवर प्रमुख राहिलेला माणूस पुन्हा विद्यार्थी होऊन पुण्यास आला. ज्याने वर्षानुवर्षे इतरांच्या वह्या तपासल्या, त्याने आपली वही दुसऱ्यापुढे तपासण्यासाठी ठेवली. शिक्षकाच्या आयुष्यातली ही सर्वांत कठीण परीक्षा असावी.

गोखल्यांकडून शास्त्रींना मिळालेला मुख्य धडा वक्तृत्वाचा नव्हता. वक्तृत्व त्यांच्याजवळ होतेच. तो धडा होता बोललेल्या शब्दाच्या जबाबदारीचा. १८९७ च्या प्लेगच्या दिवसांत गोखले विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या मजकुरावर विसंबून त्यांनी गोऱ्या सैनिकांच्या अत्याचारांविषयी गंभीर आरोप तेथील वृत्तपत्रात केले. परत आल्यावर त्या आरोपांना पुरावा द्यायला कोणी पुढे आले नाही. तेव्हा गोखल्यांनी बिनशर्त क्षमा मागितली आणि त्यापायी स्वकीयांची कडवट टीका सोसली. ज्याला आपण पुरावा देऊ शकत नाही, ते बोलायचे नाही. आणि बोललो असलो तर त्याची किंमत स्वतः मोजायची, ही शिकवण त्या प्रसंगातून गोखल्यांच्या हाडीमांसी भिनली होती. अर्थसंकल्पावरच्या त्यांच्या भाषणांत आकडा न् आकडा पारखलेला असे, तो याच वृत्तीमुळे. शास्त्रींनी हीच शिस्त उचलली. आपल्या गुरूच्या आठवणी आणि चरित्र त्यांनी पुढे व्याख्यानांतून सांगितले, तेव्हाही भक्तीच्या भरात अतिशयोक्ती होऊ नये याची काळजी घेतली.

अध्यक्ष झाल्याबरोबर त्यांच्यापुढे कसोटीचा प्रसंग आला. दक्षिण आफ्रिकेतून नुकतेच परतलेले गांधीजी समाजात येऊ इच्छित होते आणि गोखल्यांचीही तशी इच्छा होती. पण समाजातील अनेकांना वाटत होते की गांधीजींची कार्यपद्धती आणि समाजाची सनदशीर पद्धती यांचे जमणार नाही. मतभेद तीव्र झाले. गांधीजींनी सभासदत्वासाठी केलेला अर्ज आपण होऊन मागे घेतला, आणि या निर्णयाने आपण समाजाला दुरावलो नाही, उलट अधिक जवळ आलो, असे त्यांनी पुढे नमूद केले. शास्त्री आणि गांधीजी यांचे नाते येथून पुढे तीस वर्षे टिकले. दोघे एकाच वर्षी, अवघ्या दहा दिवसांच्या अंतराने जन्मले होते. जवळजवळ प्रत्येक मोठ्या राजकीय प्रश्नावर दोघांचे मत भिन्न होते, आणि तरीही स्नेहात अंतर पडले नाही. वैयक्तिक भांडण न करण्याची शपथ कागदावर राहिली नाही, याचा हा पुरावा.

१९१६ मध्ये शास्त्री वरिष्ठ कायदेमंडळात गेले. दोन वर्षांनी समाजाने सुरू केलेल्या इंग्रजी साप्ताहिकाचे संपादनही त्यांच्याकडे आले. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध भाषण ७ फेब्रुवारी १९१९ चे. विनाचौकशी अटकेचा अधिकार सरकारला देणारे रौलट विधेयक चर्चेला आले होते. शास्त्रींनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांच्या विरोधात आरडाओरडा नव्हता. सरकारच्या बाजूचे म्हणणे पूर्ण ऐकून घेऊन, ते तितक्याच निष्पक्षपणे मांडून, मग त्याचा एकेक आधार ते काढून घेत. निरपराध माणसावर संशयाची सावली पडली की त्याचे घरदार कसे उद्ध्वस्त होते, भीतीने समाजातला प्रामाणिक माणूस कसा गप्प होतो, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. प्रेक्षकांच्या सज्जात त्या दिवशी गांधीजी बसले होते. व्हाइसरॉय तल्लीन होऊन ऐकत असल्याचे त्यांनी पाहिले आणि आत्मकथेत त्याची नोंद केली. क्षणभर त्यांना वाटले की याचा परिणाम झाल्याशिवाय राहणार नाही. पण सरकारचा निश्चय आधीच झाला होता. सरकारी बहुमताच्या बळावर मार्च महिन्यात कायदा मंजूर झाला.

झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही, हा निष्कर्ष गांधीजींनी त्यातून काढला आणि ते सत्याग्रहाकडे वळले. शास्त्रींनी कायदेभंगाचा मार्ग मान्य केला नाही. कायदा वाईट असला तरी तो मोडण्याची सवय समाजाला लागली, तर उद्याच्या स्वराज्यालाही ती जड जाईल, असे त्यांचे मत होते. एकाच भाषणानंतर दोन वाटा फुटल्या, आणि देश ज्या वाटेने गेला ती शास्त्रींची नव्हती. असहकाराच्या लाटेत नेमस्तांना सरकारचे हस्तक म्हटले गेले. शास्त्रींनाही ते ऐकावे लागले. १९२२ च्या अखेरीस नागपूरला भरलेल्या उदारमतवादी परिषदेचे ते अध्यक्ष होते. पण त्या पक्षामागे आता जनता नव्हती. लोकांच्या टाळ्यांसाठी मत बदलणे त्यांना सहज शक्य होते. ज्याच्या जिभेवर सरस्वती नाचते, त्याला लोकप्रिय होणे अवघड नसते. त्यांनी तो मोह टाळला.

याच सुमारास त्यांची कीर्ती साम्राज्यभर पसरली. १९२१ मध्ये लंडनच्या साम्राज्य परिषदेला, जिनिव्हाच्या राष्ट्रसंघाला आणि वॉशिंग्टनच्या नाविक शस्त्रसंन्यास परिषदेला त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. त्याच वर्षी ते प्रिव्ही कौन्सिलर झाले. इंग्रज श्रोत्यांनी त्यांच्या वाणीला रुप्याची उपमा दिली, ती कायमची त्यांच्या नावाला चिकटली. आवाज मेघगर्जनेसारखा नव्हता. स्वच्छ, मधुर आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा होता. दहा हजारांत एखादाच वक्ता निपजतो असे आपल्याकडे म्हणतात, त्याची साक्ष सातासमुद्रापलीकडच्या लोकांनी दिली. साम्राज्य परिषदेत वसाहतींमध्ये कायदेशीर स्थायिक झालेल्या भारतीयांना नागरिकत्वाचे हक्क असावेत असा ठराव झाला. दक्षिण आफ्रिकेने मात्र त्याला संमती दिली नाही. त्या ठरावाचा पाठपुरावा करण्यासाठी शास्त्री १९२२ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडा या देशांत फिरले. १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियाने ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या आपल्या रहिवाशांना संघराज्याच्या निवडणुकीत मताधिकार दिला.

पण लगेच १९२३ मध्ये केनियाचा निर्णय आला. तेथील सुपीक उंच पठारे गोऱ्यांसाठीच राखून ठेवली गेली आणि भारतीयांना समान मतदारयादीचा हक्क नाकारला गेला. शास्त्री शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले होते. रिकाम्या हातांनी परतले. ब्रिटिश न्यायबुद्धीवर त्यांचा जो विश्वास होता, त्याला हा मोठा तडा होता. त्यांच्या टीकाकारांचा मुख्य आक्षेप हाच की ज्यांच्यापुढे ते युक्तिवाद करीत होते, त्यांना न्याय करायचाच नव्हता. हा आक्षेप खोटा म्हणता येणार नाही. समोरच्याचा निर्णय त्याच्या स्वार्थाने आधीच ठरलेला असेल, तर उत्तमातले उत्तम भाषण त्याला हलवू शकत नाही. शास्त्रींच्या आयुष्याची ही वेदना होती आणि त्यांच्या चरित्रातून ती वगळली, तर उरेल ती केवळ मानपत्रांची यादी.

तरीही शब्दावरचा विश्वास त्यांनी सोडला नाही, आणि त्या विश्वासाला एकदा घवघवीत फळ आले. १८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांत गिरमिटिया मजूर म्हणून हजारो भारतीय गेले होते. तमिळ आणि तेलुगू भाषक त्यांत मोठ्या संख्येने होते. त्यांच्या मुलानातवंडांना दक्षिण आफ्रिकेतून हुसकावण्याच्या हालचाली चालल्या होत्या. १९२६-२७ च्या केपटाउन परिषदेत दोन्ही सरकारांत करार झाला. भारतीयांना वेगळ्या वस्त्यांत कोंडू पाहणारे विधेयक मागे घेण्यात आले आणि जे तेथे राहतील त्यांच्या शिक्षणाची व उन्नतीची जबाबदारी तेथील सरकारने तत्त्वतः स्वीकारली. त्याच करारात मदत देऊन लोकांना मायदेशी धाडण्याची योजनाही होती, आणि तिच्यामुळे तेथील भारतीयांतच नाराजी होती. हा करार अमलात आणण्यासाठी भारताचा पहिला प्रतिनिधी म्हणून कोणी जावे? गांधीजींनी शास्त्रींचे नाव पुढे धरले. ज्याने आपल्या चळवळीला विरोध केला, त्यालाच आपल्या जुन्या कर्मभूमीत पाठविण्याचा आग्रह गांधीजींनी धरला, यात दोघांचेही मोठेपण आहे. शास्त्रींनी समाजाचे अध्यक्षपद सोडले, ते देवधरांकडे गेले, आणि जून १९२७ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत दाखल झाले.

प्रकृती मुळातच नाजूक, हृदयविकाराचा त्रास आणि भोवती वर्णद्वेषाचे वातावरण. शास्त्री गावोगावी फिरून गोऱ्या श्रोत्यांपुढे बोलले. भारतीय माणूस म्हणजे मळ्यातला मजूर किंवा कोपऱ्यावरचा दुकानदार एवढीच ज्यांची समजूत होती, त्यांच्यापुढे हा फेटेवाला शिक्षक त्यांच्याच भाषेत त्यांच्याहून शुद्ध बोलत उभा राही. १९२८ मध्ये ट्रान्सवालमधील क्लर्क्सडॉर्प येथे गोऱ्या हुल्लडबाजांनी त्यांची सभा उधळण्याचा प्रयत्न केला. शास्त्रींनी संयम सोडला नाही, आणि त्या हुल्लडीने लाज आणली ती ती करणाऱ्यांनाच.

पण भाषणे हवेत विरतात, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. नाताळमधील भारतीय मुलांना माध्यमिक शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती आणि शिकविण्यासाठी शिक्षक नव्हते. जुना मुख्याध्यापक जागा झाला. इमारत भारतीय समाजाने वर्गणी काढून बांधावी आणि शाळा प्रांतिक सरकारने चालवावी, अशी योजना त्यांनी आखली व दोन्ही पक्षांना पटविली. लोकांनी पैसा उभा केला. माध्यमिक शाळा आणि शिक्षकांचे प्रशिक्षण अशा दुहेरी उद्देशाची ही संस्था डर्बनमध्ये ऑक्टोबर १९२९ मध्ये उघडली. शास्त्री त्याआधीच, जानेवारीत मायदेशी परतले होते. तिला नाव दिले गेले शास्त्री कॉलेज. तेथून शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी इतर शाळांत शिकविले, दवाखाने आणि कचेऱ्या चालविल्या, आणि पुढे वर्णभेदाच्या काळ्या काळात अनेकांनी अन्यायाविरुद्ध उभे राहण्याचे धैर्यही दाखविले. केपटाउन कराराची भाषा काळाच्या ओघात विटली. १९४३ च्या कायद्याने डर्बनमधील भारतीयांच्या जमीनखरेदीवर पुन्हा निर्बंध आले. कराराचा कागद राहिला नाही, शाळा राहिली.

मायदेशी परतल्यावरही विसावा नव्हता. मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या राजकीय आयोगावर त्यांनी काम केले, पहिल्या दोन गोलमेज परिषदांना ते लंडनला गेले. १९३१ च्या प्रारंभी तेजबहादुर सप्रू आणि आपले मुकुंदराव जयकर यांच्यासह त्यांनी गांधीजी व व्हाइसरॉय आयर्विन यांच्यात मध्यस्थी केली. मार्चमध्ये झालेल्या करारामागे या तिघांचे श्रम होते. सरकारने देऊ केलेला सर हा किताब शास्त्रींनी १९२८ मध्ये नाकारला होता. १९३५ ते १९४० ही पाच वर्षे ते चिदंबरमच्या अण्णामलै विद्यापीठाचे कुलगुरू होते. ज्या कावेरीच्या मुलखातून ते निघाले, त्याच मुलखाच्या उंबऱ्यावर ते पुन्हा विद्यार्थ्यांमध्ये येऊन बसले.

त्यांच्यातला शिक्षक किती खरा होता, हे एका अप्रसिद्ध कामातून दिसते. गांधीजींच्या गुजराती आत्मकथेचे इंग्रजी भाषांतर महादेवभाई देसाईंनी केले. पुढच्या आवृत्तीसाठी ते एका आदरणीय मित्राने शब्दशः तपासून दिले. त्या मित्राची एकच अट होती, आपले नाव कोठेही छापू नये. महादेवभाईंनी ती पाळली. तो तपासनीस श्रीनिवास शास्त्री होता, हे नंतर सर्वज्ञात झाले. ज्या चळवळीशी आपले पटले नाही, तिच्या नेत्याचे आत्मवृत्त जगापुढे निर्दोष भाषेत जावे म्हणून त्यांनी ओळ न् ओळ वाचली, चुका दुरुस्त केल्या आणि बाजूला झाले. वही तपासणारा शिक्षक मुलाच्या निबंधाखाली आपले नाव लिहीत नाही. जगातल्या असंख्य वाचकांनी ते पुस्तक वाचले. शास्त्रींचा हात त्यांना दिसला नाही, आणि दिसू नये हीच त्यांची इच्छा होती.

अखेरची मोठी व्याख्यानमाला त्यांनी १९४४ मध्ये मद्रासच्या संस्कृत अकादमीत वाल्मीकिरामायणावर दिली. ती तीस व्याख्यानांची होती. देव म्हणून पूजण्यापेक्षा माणूस म्हणून रामाकडे पाहावे, त्याच्या मोहांकडे, दुःखांकडे, चुकांकडेही पाहावे, म्हणजे त्याची थोरवी अधिक कळते, अशी त्यांची दृष्टी होती. वैदिक घरात सुरू झालेला प्रवास असा आदिकवीपाशी येऊन पोहोचला. १९४६ च्या जानेवारीत शास्त्री मद्रासच्या रुग्णालयात होते, तेव्हा गांधीजी त्यांच्या भेटीस गेले. दोन वृद्ध मित्रांची ती अखेरची गाठ ठरली. १७ एप्रिल १९४६ रोजी शास्त्रींनी देह ठेवला. स्वातंत्र्य सोळा महिन्यांवर आले होते.

शास्त्री हरले की जिंकले? राजकारणाच्या तराजूत तोलले तर पारडे हलकेच भरेल. रौलट कायदा झाला, केनिया गेले, नेमस्तांचा पक्ष विरला. त्यांच्या श्रद्धेचा काही भाग चुकीच्या जागी ठेवलेला होता, हेही मान्य केले पाहिजे. पण आपण आपल्या मुलांना वादविवाद स्पर्धेच्या व्यासपीठावर उभे करतो, ते कशासाठी, हा प्रश्न त्यांच्या चरित्रापुढे उभे राहून विचारला तर उत्तर निराळे येते. वाद जिंकण्याची कला कोणीही शिकवू शकतो. विरोधकाचे म्हणणे त्याच्याहून चांगल्या रीतीने समजून घेणे, पुरावा नसेल तेथे थांबणे, टाळ्यांसाठी मत न विकणे आणि मत जुळले नाही तरी माणूस न तोडणे, हे शिकवायला शास्त्रींसारखा शिक्षक लागतो. हातातली चषके काळानुसार काळवंडतात. बोलण्याचे हे वळण मुलाबरोबर आयुष्यभर राहते.

कावेरीकाठच्या भिक्षुकाच्या मुलाला कुंभकोणमच्या एका शाळेने अक्षर दिले, पुण्याच्या एका शिक्षकाने दीक्षा दिली, आणि त्याने समुद्रापलीकडच्या मजुरांच्या मुलांना शाळा दिली. शाळा एकमेकींना अशा माणसांमार्फत जन्म देत असतात. साठ वर्षे पुऱ्या केलेल्या आपल्या शाळेने आजवर किती जणांच्या हाती तो वारसा दिला, याची मोजदाद पटावरून होणार नाही. येथून गेलेला एखादा विद्यार्थी कोठे तरी, कोणासाठी तरी, खरे आणि नेमके बोलत उभा असेल, तेथे ती आपोआप होत असेल.